विरामचिन्हे व टंकचिन्हे यांची इंग्रजी नावे

इंग्रजी लेखन-मुद्रणातील विरामचिन्हांना आणि टंकलेखनयंत्र व संगणक यांच्या कळफलकांवरील इतर चिन्हांना रूढ असलेली नावे. मजकूर डोळ्यांनी वाचताना चिन्हाच्या नावाची गरज भासत नाही. तो तोंडी सांगताना, मुद्रिते तपासताना किंवा संगणकावरील पत्ता दूरध्वनीवरून कळविताना मात्र नावावाचून चालत नाही. ही नावे निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या व्यवसायांत पडली. त्यामुळे एका चिन्हाला अनेक नावे आणि एकाच नावाची अनेक चिन्हे, अशी स्थिती निर्माण झाली.

सर्वांत जुनी नावे ग्रीक आहेत. ‘कॉमा’ म्हणजे तोडलेला तुकडा, ‘कोलन’ म्हणजे अवयव आणि ‘पीरिअड’ म्हणजे पूर्ण फेरा. ही मुळात चिन्हांची नसून वाक्याच्या लहानमोठ्या भागांची नावे होती. ॲलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल ॲरिस्टोफेनीझ (इ. स. पू. सु. २५७–१८०) याने असे भाग दर्शविण्यासाठी वेगवेगळ्या उंचीवर बिंदू देण्याची पद्धत घातली, पुढे भागाचे नाव चिन्हाला मिळाले. ‘सेमिकोलन’ हे चिन्ह व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशिअस (मृत्यू १५१५) याच्या मुद्रणालयात पंधराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. ‘ॲस्टेरिस्क’ (*) म्हणजे छोटा तारा. हे नाव आकारावरून पडले. ‘कॅरेट’ (^) म्हणजे लॅटिनमध्ये ‘उणे आहे’. मुद्रितशोधक गाळलेला शब्द घालण्याची जागा या खुणेने दाखवीत. ‘अँपरसँड’ (&) हे नाव शाळेतील पाठांतरातून आले. हे चिन्ह मुळाक्षरांच्या शेवटी ‘अँड पर से अँड’ असे म्हटले जाई, त्याचा हा अपभ्रंश होय. चिन्ह स्वतः मात्र लॅटिन ‘एत्’ (आणि) या शब्दातील दोन अक्षरांच्या जोडणीतून तयार झाले.

ब्रिटन व अमेरिका यांतील नावे पुष्कळदा भिन्न आहेत. पूर्णविरामाला ब्रिटनमध्ये ‘फुलस्टॉप’, तर अमेरिकेत ‘पीरिअड’ म्हणतात. नुसते ‘ब्रॅकेट्स’ म्हटल्यास ब्रिटिश वाचकाला सामान्यतः गोल कंस अभिप्रेत असतात, तर अमेरिकनाला चौकोनी. याहून अधिक घोटाळा # या चिन्हाविषयी होतो. पौंड वजनाच्या ‘लिब्रा पाँडो’ या लॅटिन नावाच्या आडवी रेघ दिलेल्या संक्षेपापासून ते बनले, असे सामान्यतः मानतात. अमेरिकन व्यापारात ते अंकाआधी आल्यास क्रमांक व अंकानंतर आल्यास पौंड वजन दर्शवी; म्हणून त्याला ‘नंबर साइन’ व ‘पाउंड साइन’ अशी दोन नावे पडली. ब्रिटनमध्ये ‘पाउंड साइन’ म्हणजे चलनाचे £ हे चिन्ह आणि # म्हणजे ‘हॅश’. १९६८ मध्ये अमेरिकेतील दूरध्वनीच्या बारा कळांत * व # यांचा समावेश झाला. बेल प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी दुसऱ्याला ‘ऑक्टोथॉर्प’ असे नाव दिले. त्यातील ‘ऑक्टो’ हा भाग चिन्हाच्या आठ टोकांवरून आला. २००७ नंतर समाजमाध्यमांतील विषयदर्शक शब्दांमुळे ‘हॅश’ हे नाव अमेरिकेतही परिचित झाले.

टंकलेखनयंत्रावर कळा मोजक्या असल्याने एका चिन्हाकडे अनेक कामे आली. संयोगचिन्हाचीच कळ वजाबाकी व अपसारण यांसाठी वापरली गेली. याउलट हिशेबात ‘दराने’ या अर्थी योजले जाणारे @ हे चिन्ह मागे पडत असता रे टॉमलिनसन (१९४१–२०१६) यांनी १९७१ मध्ये संगणकीय टपालाच्या पत्त्यात व्यक्ती व यंत्र यांची नावे विलग करण्यासाठी ते निवडले. इंग्रजीत त्याला ‘ॲट’ एवढेच म्हणतात. इटालियनमध्ये मात्र त्याचे नाव ‘गोगलगाय’, तर डचमध्ये ‘माकडाची शेपटी’ असे आहे.

संगणक चिन्हाला नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखतो. अमेरिकेच्या १९६३ मधील ‘ॲस्की’ संकेतावलीत आणि तिच्या पुढील आवृत्त्यांत असे क्रमांक निश्चित झाले. तथापि ३५ या क्रमांकावर अमेरिकन संकेतावलीत #, तर तिच्या ब्रिटिश रूपात £ होते. त्यामुळे एका देशातून पाठविलेले चिन्ह दुसऱ्या देशात वेगळेच उमटण्याचा संभव असे. १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘युनिकोड’ने प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक व एकच अधिकृत नाव दिले. त्यात # हे ‘नंबर साइन’, @ हे ‘कमर्शियल ॲट’ आणि अधोरेषा ही ‘लो लाइन’ आहे. दिलेले नाव पुढे बदलावयाचे नाही, असा नियम असल्यामुळे एका कंसाच्या नावातील ‘ब्रॅकेट’ या शब्दाची चुकीची वर्णजुळणीही तशीच ठेवण्यात आली आहे. बोलण्यात मात्र जुनी नावे टिकून आहेत.

मराठीत विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या अनुकरणाने आली. त्यांच्या प्रसाराचे श्रेय मुख्यतः मेजर थॉमस कँडी (१८०४–७७) यांना दिले जाते. मराठीने चिन्हे स्वीकारली. नावे मात्र आपली घडविली. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, संयोगचिन्ह ही नावे चिन्हाचे कार्य सांगतात. कळफलकावरील नव्या चिन्हांबाबत असे घडले नाही. ‘हॅश’, ‘ॲट’, ‘स्लॅश’ ही इंग्रजी नावेच मराठी बोलण्यात रूढ झाली आहेत.