बकाल

तरुणपणी मी आमच्या मोहल्ल्यावर एक कविता लिहिली होती. तिच्यात 'बकाल वस्ती' असे शब्द होते. कविता छापून आली, चार लोकांनी कौतुक केले. सौदीत नोकरी करून परतलेल्या मामूंनी मात्र विचारले, "बकाल म्हणजे वाईट कसं रे? तिकडे 'बकाला' म्हणजे किराणा दुकान. रोज तिथूनच तर अंडी-पाव आणायचो."

मामूंचे बरोबर होते. अरबीत 'बक्ल' म्हणजे भाजीपाला आणि 'बक्काल' म्हणजे तो विकणारा. पुढे किराणा दुकानदारही. तुर्कस्तानात आजही कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला 'बक्काल' म्हणतात. उर्दूतल्या 'बनिया-बक्काल' या जोडीत मात्र तुच्छतेचा सूर आहे. मराठीत तर हा शब्द माणसावरून उतरून वस्तीला, शहराला चिकटला आणि त्याचा अर्थ झाला कळाहीन, ओंगळ, दाटीवाटीचा.

त्याच्या शेजारचे शब्द पाहा. ओसाड गावात माणूस नसतो. भकास माळावर काही उगवत नाही. अशा रिकाम्या जागेला आपण सहसा बकाल म्हणत नाही. बकाल व्हायला माणसे लागतात. त्यांच्या टपऱ्या, गंजके पत्रे, तुंबलेली गटारे, लोंबत्या तारा लागतात. म्हणूनच हा शब्द उच्चारताना नजर गटारावरून हळूच माणसांकडे सरकते. जणू ती माणसे तशी, म्हणून जागा तशी!

महाराष्ट्राचा 1971 चा झोपडपट्टी कायदा याबाबत अधिक सावध आहे. मूलभूत सोयींचा अभाव, अस्वच्छता, दाटी, आरोग्याला धोका यांकडे तो बोट दाखवतो. नळ का आला नाही, गटार का बांधले नाही, हे विचारायला तिथे निदान जागा राहते. नुसते 'बकाल' म्हटले की विचारणेच संपते.

माझे अब्बा हातगाडीवर भाजी विकत. म्हणजे मूळ अर्थाने ते बक्कालच. पहाटे ते मेथी-कोथिंबिरीवर पाणी शिंपडत. त्या पाण्यासाठी अम्मी रात्री दोन वाजता सार्वजनिक नळावर रांगेत उभी असे. त्या दोघांना मी एका विशेषणात गुंडाळून टाकले होते.

हा शब्द टाकून द्या, असे मी म्हणत नाही. शहरे बकाल होतात आणि तसे म्हणायलाही हवे. फक्त कशामुळे झाली, तेही पुढे सांगावे. संग्रहात ती कविता घेताना मी 'बकाल' खोडला नाही. त्याच्याखाली रात्रीच्या नळाची एक ओळ वाढवली.