खुर्ची नसताना धोरण कसं बदलतं? गडचिरोलीचा नवजात बाळांचा अभ्यास

सार्वजनिक आरोग्यातलं नेतृत्व म्हटलं की आपल्याला संचालक, सचिव अशी पदं आठवतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्या शिडीने गेले नाहीत. दोघंही एम.डी. जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. त्यांचं वजन वाढलं ते संशोधनामुळे. म्हणून त्यांचा १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला नवजात बाळांचा अभ्यास आपण पद्धतीच्या अंगाने पाहू.

प्रश्न साधा होता. बाळंतपण घरी, दवाखाना लांब. मग उपचारच घरी नेला तर? ३९ गावांत हा प्रयोग झाला, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. सुरुवातीला दोन्हीकडे नवजात मृत्युदर हजारी ६०च्या आसपास होता.

इथे जरा थांबा. पहिल्या वर्षी, म्हणजे १९९५-९६ मध्ये, भर घरोघरी जाऊन बाळांच्या नोंदी करण्यावर होता. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, प्रत्यक्षात ती जेमतेम काहींना मिळत होती. सर्वांत मोठं कारण निघालं जंतुसंसर्ग. मगच गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, संसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ लागल्या. (प्रबंधाच्या घाईत आपण नेमकी ही पायरी गाळतो!) तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता.

आता शंका. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. प्रयोगाच्या गावांत 'सर्च'चं काम आधीपासून होतं. मग फरक उपचाराचा की जुन्या विश्वासाचा? व्हायव्हात हा प्रश्न हमखास येईल. माझ्या मते सुरुवातीचे आकडे जवळपास सारखे असल्याने निष्कर्ष टिकतो, पण 'सर्च' नसलेल्या गावात हेच घडेल का, हे या एका अभ्यासातून सांगता येत नाही.

पुढे २०११ मध्ये नवजात बाळाची घरी काळजी हा कार्यक्रम देशभर आशाताईंकडे आला. भेटी आल्या, वजनकाटा आला, थर्मामीटर आला. इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती दिलं गेलं नाही. म्हणजे ज्या संसर्गाने सर्वाधिक बाळं दगावत होती, त्याच्या उपचारासाठी पुन्हा नर्स किंवा दवाखाना गाठणं आलं.