नंबर लेकीच्या फोनवरून

२०२०च्या जनगणनेत चीनमध्ये साठी ओलांडलेली माणसं २६.४ कोटी भरली, लोकसंख्येच्या १८.७ टक्के. झेजियांग प्रांतातल्या वूझेनमध्ये ऑनलाइन उपचार देणारं ‘इंटरनेट हॉस्पिटल’ २०१५मध्येच सुरू झालं होतं. पण सोय असणं वेगळं आणि आजोबांनी ती वापरणं वेगळं. मोठ्या रुग्णालयांत वीचॅट या मोबाइल अ‍ॅपवरून नंबर लावायचा तर बारीक अक्षरं, ओटीपी, चेहरा ओळखणारा कॅमेरा. इथेच अनेकांचं घोडं अडतं. मग परगावी नोकरी करणारी लेक आपल्याच फोनवरून आईचा नंबर लावते. माझ्या मते म्हातारी माणसं अशी सेवा वापरतील की नाही, यात शिक्षण किंवा उत्पन्नाइतकंच वजन या लेकीला आहे. पैशाचा हिशेबही असतोच: विम्यातून खर्च परत मिळणार असेल तर नव्या सेवेला होकार लवकर येतो. शिवाय पारंपरिक चिनी वैद्य नाडी हातात घेऊन बघतो. त्याची सवय झालेल्यांना पडद्यावरचा डॉक्टर अर्धाच वाटतो. कोविडकाळात तर प्रवासालाही संसर्गाचा धोका दाखवणारा मोबाइलवरचा ‘हेल्थ कोड’ लागू लागला आणि स्मार्टफोन नसलेली म्हातारी माणसं अडकून पडली. अखेर नोव्हेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने बजावलं, की रुग्णालयांनी नोंदणीची खिडकी आणि रोख पैसे घेणं बंद करू नये.