गुहेच्या पोटात सिगारेट: बंदी कुठवर चालावी?

इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपान करणे हा गुन्हा ठरला. आयर्लंडने २००४ मध्ये, स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये आणि वेल्सने एप्रिल २००७ मध्ये तशीच बंदी आधीच आणली होती. पब, कारखाने, कचेऱ्या यांच्यापुरता कायद्याचा अर्थ सरळ होता. जमिनीखालच्या नैसर्गिक गुहेच्या बाबतीत मात्र तो तितका सरळ नव्हता. गुहेला छत असते, भिंती असतात, पण ती कोणी बांधलेली नसते. वरच्या कुरणाचा मालक अनेकदा मेंढ्या पाळणारा शेतकरी असतो आणि आत उतरणारे बहुतेक लोक हौशी असतात. अशा ठिकाणी सिगारेट पेटवणाऱ्याला कायदा अडवतो का, आणि अडवावे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ब्रिटनमध्ये केव्हिंग हा जुना छंद आहे. यॉर्कशरचे डोंगर, डर्बीशरचा पीक डिस्ट्रिक्ट, सॉमरसेटमधल्या मेंडिप टेकड्या आणि दक्षिण वेल्स या चुनखडीच्या प्रदेशांत पाण्याने लाखो वर्षांत खडक विरघळवून मैलोन्‌मैल लांबीची भुयारे कोरली आहेत. हेल्मेट, दिवा आणि दोर घेऊन तिथे उतरायचे, अरुंद फटींतून सरपटत पुढे जायचे, जमल्यास नकाशा काढायचा, असा हा उद्योग असतो. एक फेरी सहा-आठ तासांची सहज होते. सिगारेटची सवय असलेल्या माणसाला एवढा वेळ तल्लफ आवरणे जड जाते आणि वादाला तिथूनच तोंड फुटते.

कायद्याची मोजपट्टी

इंग्लंडची ही बंदी २००६ च्या आरोग्य कायद्यातून आली. जागा जनतेला खुली असावी किंवा तिथे एकाहून अधिक माणसे काम करत असावीत, आणि ती 'बंदिस्त' किंवा 'बव्हंशी बंदिस्त' असावी, या तिच्या मुख्य अटी आहेत. छत आहे आणि दारे, खिडक्या व वाटा सोडून चहूबाजूंनी भिंती आहेत, ती जागा बंदिस्त. छत आहे, पण भिंतींच्या एकूण क्षेत्रफळापैकी निम्म्याहून कमी भाग उघडा आहे, ती बव्हंशी बंदिस्त. बसथांबे आणि पबमागच्या पडव्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे मोजमाप गुहेच्या तोंडाशी नेले की गंमत होते. कड्याखालचा उथळ खोपा समोरून पूर्ण उघडा असेल, तर तो कायद्यातून सुटेल. त्याच खोप्याच्या मागच्या फटीतून दहा पावले आत गेलेला माणूस मात्र बंदिस्त जागेत पोहोचलेला असेल.

कामाच्या अटीमुळे गुहांचे आपोआप गट पडतात. सॉमरसेटमधल्या वूकी होलसारख्या गुहेत तिकीट काढून पर्यटक येतात, वाटाडे पगारावर असतात, दिवे आणि पायवाटा असतात. तिथे बंदी लागू होते याबद्दल वाद नाही. शाळेच्या मुलांना गुहेत नेणारा प्रशिक्षकही कामावरच असतो. हा कायदा स्वयंसेवकाच्या कामालाही कामच मानतो, त्यामुळे बिनपगारी मार्गदर्शकालाही त्यातून अंग काढून घेता येत नाही. संदिग्धता उरते ती रविवारी आपापल्या हौसेने उतरलेल्या चार मित्रांपुरती. तिथे कोणी नोकर नाही, कोणी गिऱ्हाईक नाही, आणि दंडाची पावती फाडायला भूगर्भात निरीक्षकही जाणार नाही.

अमेरिकेने हा गुंता एका वाक्यात सोडवला आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या नियमांत सर्व गुहांमध्ये धूम्रपानाला सरसकट मनाई आहे. भिंती किती उघड्या आहेत हे मोजावे लागत नाही आणि कामावर कोण आहे हेही विचारावे लागत नाही. उद्यानातली नैसर्गिक संपत्ती राखणे हे त्या सेवेचे मूळ काम आहे आणि नियम त्याच अंगाने आलेला आहे. ब्रिटिश कायदा माणसाच्या फुप्फुसांसाठी आहे. म्हणून बंदीचा निवाडा करण्याआधी धुराने नेमके काय बिघडते ते पाहावे लागते.

गुहेतली हवा

गुहांमध्ये हवा दोन प्रकारे खेळते. उंचीचा फरक असलेली दोन तोंडे असतील, तर आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकामुळे हवा एका तोंडाने शिरते आणि दुसऱ्याने निघते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तिची दिशा उलटते. तोंड एकच असेल आणि पोकळी मोठी असेल, तर बाहेरचा वायुदाब वाढला की हवा आत ओढली जाते आणि उतरला की बाहेर पडते. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या 'विंड केव्ह'ला याच वाऱ्यामुळे नाव मिळाले. अशा झोतात सिगारेटचा धूर क्षणात पांगतो, पण तो त्याच बोगद्यात मागून किंवा पुढून चाललेल्या सोबत्यांच्या नाकातोंडात जातो. एका माणसाच्या रुंदीच्या वाटेत बाजूला सरकायलाही जागा नसते.

आंधळ्या कोठड्यांत आणि पाण्याने तोंड बुजलेल्या दालनांत हवा जवळजवळ थांबलेली असते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो, तर गुहेत तो काही ठिकाणी एक टक्क्यावर जातो. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ मध्ये फुटबॉल संघातली मुले अडकली, तेव्हा त्यांच्या दालनातला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. या उदाहरणावरून सिगारेट ऑक्सिजन खाते म्हणून बंदी हवी असा युक्तिवाद केला जातो, पण तो फार टिकत नाही. एका सिगारेटीत पाऊण ग्रॅमच्या आसपास तंबाखू असते. ती जळून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, तेवढा माणूस दोन-तीन मिनिटांत श्वासावाटे सोडतो. थाम लुआंगमधली हवा माणसांच्या श्वासानेच उतरली होती.

खरा त्रास धुरातल्या बारीक कणांचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा आहे. नियमित ओढणाऱ्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा पाच ते दहा टक्के भाग कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला असू शकतो. ब्रिटनच्या गुहांत तापमान बाराही महिने ८ ते १० अंशांच्या आसपास राहते. निकोटिनमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि थंडीने बधिरलेल्या बोटांनी दोराची गाठ मारणे आणखी अवघड होते. याशिवाय रेडॉन आहे. खडकातल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू कोंडलेल्या गुहांत साठतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर अनेक देशांत रेडॉनचाच क्रम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेडॉनचा धोका धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांना सुमारे २५ पट अधिक असतो.

कोळशाच्या खाणीत विडी-काडी नेण्यावर जी कडक बंदी असते, ती मात्र गुहेला जशीच्या तशी लावता येत नाही. कोळशातून मिथेन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये जाळीचा सुरक्षित दिवा बनवला तो याच कारणाने. चुनखडीच्या गुहेत मिथेन सहसा नसतो. तरी आगीचा धोका अगदीच नाही असेही नाही. वटवाघळांच्या वाळलेल्या विष्ठेचे थर पेटू शकतात, आणि जिथे अजून कार्बाइडचे दिवे वापरले जातात तिथे ॲसिटिलीन वायू जवळच असतो.

काजळी, थोटके आणि वटवाघळे

माणसापेक्षा गुहेचे नुकसान अधिक टिकाऊ असते. बाहेर धुराचा डाग पावसाने धुतला जातो, उन्हाने उडतो. गुहेत यातले काही नसते. छतावरून लोंबणारा चुनखडीचा सुळका वर्षाला मिलिमीटरच्या अंशानेच वाढतो. त्याच्या ओल्या पृष्ठावर बसलेली काजळी नव्या थराखाली कायमची गाडली जाते. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या पर्यटकांनी काठीला मेणबत्ती बांधून तिच्या धुराने छतावर आपली नावे उमटवली. ती अक्षरे आजही स्पष्ट वाचता येतात. फ्रान्समधली लास्को ही चित्रगुहा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली. तिथे पाहुण्यांचा श्वास आणि दिव्यांचा प्रकाश एवढेच भिंतींवर शेवाळ चढायला पुरेसे ठरले होते. इतक्या नाजूक जागी सिगारेटचा धूर हा फुकटचा भार आहे.

थोटकाचा प्रश्न वेगळाच. सिगारेटचे फिल्टर सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे असते. उजेडातही ते कुजायला वर्षे लागतात आणि अंधारात ऊन मिळत नसल्याने ते त्याहून जास्त टिकते. त्यातून निकोटिन पाझरते, आणि निकोटिन हे एके काळी शेतात कीटकनाशक म्हणून फवारले जाई. गुहेतले कित्येक आंधळे किडे आणि मासे जगात दुसरीकडे कुठेच नसतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओढलेल्या सिगारेटचे एक थोटूक लिटरभर पाण्यात भिजवल्यावर त्या पाण्यातले निम्मे मासे मेले. चुनखडीच्या प्रदेशात गुहेतले पाणी फारसे न गाळले जाता झऱ्यांतून थेट बाहेर पडते आणि पुष्कळदा गावाच्या पिण्याच्या पाण्यात मिसळते.

थंडीत निद्रिस्त वटवाघळांना धुराने जाग आली तर साठवलेली चरबी खर्ची पडते आणि वसंतापर्यंत तग धरणे कठीण होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांच्या निवाऱ्यात त्यांना त्रास देणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे ज्या हौशी गटाच्या बाबतीत धूम्रपानाचा कायदा अडखळतो, त्याला वटवाघळांचा कायदा गाठू शकतो.

बंदीविरुद्धचे मुद्दे

विरोधकांचा मुख्य मुद्दा अंमलबजावणीचा आहे. जो नियम पाळला जातो की नाही हे कोणी पाहू शकत नाही, तो करून कायद्याचाच मान कमी होतो, असे ते म्हणतात. दुसरा मुद्दा मोठ्या माणसांच्या स्वातंत्र्याचा. केव्हिंग मुळातच जोखमीचे आहे आणि जोखीम पत्करणाऱ्यावर सिगारेटसाठी पहारा कशाला? तिसरा मुद्दा व्यवहारातला आहे. नवी वाट शोधताना फटीतून वारा येतो का हे पाहायला धूर उपयोगी पडतो. सिगारेट फटीजवळ धरायची आणि धुराची रेघ कुठे वळते ते पाहायचे, ही जुनी रीत आहे. यातला पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसरा बरोबरच्या लोकांना लागू पडत नाही, कारण त्यांनी दोराची जोखीम पत्करलेली असते, शेजाऱ्याच्या धुराची नव्हे. तिसऱ्यासाठी एक उदबत्ती पुरते.

भारतातली स्थिती

भारतात २००३ चा सिगारेट व तंबाखू उत्पादने कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतो. त्याखालचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. कायद्याने मोकळ्या जागा वगळल्या, पण प्रेक्षागारे, रेल्वे स्थानके, बसथांबे अशा लोकांच्या वर्दळीच्या जागा मोकळ्या मानायच्या नाहीत असे नियमांनी सांगितले. हा अर्थ धरला, तर मेघालयातली मॉसमाई, आंध्र प्रदेशातल्या बेलम आणि बोरा या पर्यटनाच्या गुहा बंदीखाली येतात. मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतल्या क्रेम लियात प्राहसारख्या तीस किलोमीटर लांबीच्या रानटी गुहांपुरती ब्रिटनसारखीच संदिग्धता इथेही राहते.

महाराष्ट्र बसाल्टचा प्रदेश असल्यामुळे इथे चुनखडीच्या लांब गुहा फारशा नाहीत. पण महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेजवळ, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीनजीकच्या बारापेडे गुहेत रॉटनचे वटवाघूळ राहते. ही दुर्मीळ जात बरीच वर्षे जगात फक्त इथेच आहे असे मानले जाई; पुढे ती मेघालयात आणि कंबोडियात आढळली. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडासारख्या किल्ल्यांवरच्या गुहांत ट्रेकर मुक्काम करतात. तिथे सिगारेटपेक्षा चुलीच्या धुराने छते काळी होतात, आणि बंदीचा विचार करताना चूल सोडून नुसत्या सिगारेटवर बोट ठेवणे अर्धवट ठरेल.

एकूण पाहता तिकिटाच्या गुहांत आणि प्रशिक्षकाबरोबरच्या फेऱ्यांत बंदी असलीच पाहिजे आणि ती राबवताही येते. चित्रगुहा, वटवाघळांच्या गुहा आणि संरक्षित वनांतल्या गुहा यांना अमेरिकेसारखा सरसकट नियम योग्य आहे, कारण तिथे प्रश्न माणसाच्या आवडीचा नसून न भरून येणाऱ्या नुकसानीचा आहे. उरलेल्या रानटी गुहांत पोलिसी कायदा पोहोचणार नाही; तिथे प्रवेशाच्या परवान्यातली अट आणि क्लबची शिस्त हीच खरी बंदी. ओढायचीच असेल त्याने सिगारेट गुहेबाहेर मोकळ्यावर ओढावी आणि थोटूक डबीत घालून घरी न्यावे.