गाणे ऐकले, गाणाऱ्याला कधी विचारले काय?

भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू होतो. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी, आमगाव, सालेकसा, कोणत्याही तालुक्यात जा. दिवसा पाहुणेरावळे, जिलेबी, खेळणी आणि रात्री दंडार, खडी गंमत नाही तर नाटक. नाटक रात्री नऊ-दहाला उभे राहते ते कोंबडा आरवेपर्यंत. धान घरात आलेला असतो, थंडी असते, आणि माणसे चादर पांघरून जमिनीवर बसून रात्र काढतात. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा तर या नाटकांची राजधानीच झाली आहे.

या साऱ्यात कलावंताचे गाणे गावाला पाठ असते. खलनायकाचे हसणे पोरे महिनाभर काढून दाखवतात. पण तो खलनायक उन्हाळ्यात कोणाच्या कामावर जातो, एका रात्रीचे त्याला काय मिळते, संवाद त्याला कोणी शिकवले, वाचता येत नव्हते तेव्हा नक्कल कशी पाठ केली, हे विचारायला कोणी बसत नाही. सकाळी गाडी पुढच्या गावाला निघून जाते.

गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यानंतर त्यांना विचारणारे पुष्कळ आले, आणि ते चांगलेच झाले. पण हजारो प्रयोग करून झाल्यावर, केस पांढरे झाल्यावर ते आले. ज्यांना पद्मश्री मिळणार नाही असे शेकडो कलावंत आपल्या आठ तालुक्यांत आहेत. त्यांना कोणी विचारायचे?

हे विचारण्याचे काम रेडिओ फार चांगले करतो, असे आमचे मत आहे. कॅमेरा समोर आला की आपला माणूस आधी सदऱ्याच्या गुंड्या लावतो, मग लाजतो, मग पाठ केलेले दोन शब्द बोलतो. रेडिओला चेहरा लागत नाही. विचारणाऱ्याने घाई केली नाही, तर पाचव्या मिनिटाला माणूस आपल्या घरच्या बोलीत येतो.

आमच्या लहानपणी बिडी वळणाऱ्या बायांच्या पडवीत ट्रान्झिस्टर असे. मांडीवर सूप, हात तंबाखूत, कान रेडिओकडे. १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेले आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुमारे १३० किलोमीटरवरून आमच्याकडे स्वच्छ लागे. शेतीचे सांगणे, लोकगीते, नाटके आणि कलावंतांच्या मुलाखती या बाया काम न थांबवता ऐकत. रेडिओची एक सवय आम्हाला आजही मोलाची वाटते. गाणे लागण्यापूर्वी निवेदक गीतकाराचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगतो. आता १४ एप्रिलची मिरवणूक आठवा. दिवसभर कर्ण्यावर गाणी वाजतात. त्यातली किती वामनदादा कर्डकांची, किती दुसऱ्या कोणाची, हे विचारले तर दहा जणांत एकालाही सांगता येत नाही. गाणे राहते, लिहिणाऱ्याचे नाव गळून पडते. आणि वामनदादांचे नाव निदान पुस्तकांत आहे. गोरेगाव-तिरोड्याकडच्या एखाद्या गायन पार्टीच्या कवीचे नाव कोठे शोधायचे?

रेडिओचे दार आपल्या कलावंताला पहिल्यापासून सताड उघडे होते, असेही कोणी समजू नये. आपल्या गायन पार्टीचा जीव म्हणजे पेटी. ढोलक नसली तर एक वेळ डबा वाजवता येईल, पेटीशिवाय भीमगीत उभे राहत नाही. या पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली. पेटी परदेशी, तिला मींड काढता येत नाही, असे मोठमोठ्या विद्वानांचे म्हणणे होते. ही बंदी १९७१ मध्ये उठू लागली, तीही एकदम नव्हे, अंशतः. म्हणजे तीस वर्षे गावोगाव ज्या वाद्यावर माणसे गात होती, ते वाद्य दिल्लीला वाद्य वाटत नव्हते! त्याशिवाय आवाजाची चाचणी, श्रेणी, अर्ज, आणि नागपूरला जाण्याचे भाडे. रोजीवर जाणारा माणूस एक दिवस बुडवून चाचणीला कसा जाईल? तरीही आपली काही माणसे गेली, गायली आणि कराराचा कागद घडी करून घरी घेऊन आली.

त्या कागदाची गोष्ट आमच्या घरोघरच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण येथे पोटाचा प्रश्न आहे. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिकांना व कलावंतांना मासिक मानधन देते. या योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, आणि २०२४ पासून रक्कम सरसकट ५,००० रुपये झाली आहे. वयाची ५० वर्षे पूर्ण आणि कलेची किमान १५ वर्षे सेवा ही अट. सेवा झाली हे सिद्ध कशाने करायचे? कागदाने. कार्यालयात बसून आम्ही एवढे शिकलो आहोत की, साहेबाला गाणे ऐकू येत नाही, त्याला जोडपत्र दिसते. आकाशवाणीचे पत्र, वर्तमानपत्राचे कात्रण, छापील कार्यक्रमपत्रिका यांना तेथे किंमत आहे. आमच्या ओळखीचे खडी गंमतीतले एक म्हातारे नाच्या आहेत. तरुणपणी ते लुगडे नेसून उभे राहिले की बायासुद्धा डोळे चोळून पाहत. त्यांच्याजवळ पुरावा काय, तर एक पितळी चाळ आणि पायाला पडलेले घट्टे. ते अर्जाला जोडता येत नाहीत.

आवाज जपून ठेवल्याने काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. १९५४ मध्येच ३ ऑक्टोबरला बाबासाहेब आकाशवाणीवर आपल्या जीवनाच्या तत्त्वज्ञानाविषयी बोलले. १९५५ साली बीबीसीने त्यांची मुलाखत घेतली आणि १२ मे १९५६ ला बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो, हे त्यांनी बीबीसीवरून सांगितले. त्यांचे ग्रंथ आपण वाचतो. पण त्या मुलाखतीत प्रश्न येतो, आणि हा महापुरुष कोणाची भीड न ठेवता उत्तर देतो, तो आवाज आज आपल्या नातवंडांनाही ऐकता येतो. कारण कोणी तरी यंत्र समोर ठेवून विचारले. उलट भंडाऱ्याच्या त्या निवडणुकीच्या सभा पाहिलेली माणसे आमच्या पिढीने म्हातारी पाहिली. त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर गेल्या.

आता यंत्र महाग राहिले नाही आणि कायद्याची वाटही थोडी मोकळी झाली आहे. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्राची परवानगी मिळू लागली. असे केंद्र लहान असते, दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, राजकारण चालत नाही. पण निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने झाला पाहिजे, असा नियमच आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ केंद्रावर केराबाई सरगर या शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाई ओव्या गाता गाता कार्यक्रम करू लागल्या.

आमच्या भगिनींनी तर माचनूरची हकिगत वाचावीच. तेलंगणात झहीराबादजवळ हे गाव आहे. तेथील ‘संघम रेडिओ’ १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला आणि तो दलित शेतकरी स्त्रिया चालवतात. यंत्र हाताळणाऱ्याही त्याच, विचारणाऱ्याही त्याच, गाणाऱ्याही त्याच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परवानगी मिळण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे त्या ध्वनिमुद्रण करीतच होत्या. हवेत सोडता येत नाही ना, मग टेप घेऊन गावातल्या बायांच्या बैठकीत लावायच्या.

हे आपल्या विहारात का होऊ नये? दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास एका कलावंताचे मुद्रण ऐकावे. मोबाईल प्रत्येक घरात आहे. विचारायला बीए, एमएची गरज नाही. मात्र काही पथ्ये पाळावीत. प्रयोगाच्या रात्री कलावंताला गाठू नये, तो रात्रभर जागणार असतो. तेंदूपत्ता संपल्यावर आणि रोवणी लागण्यापूर्वीचे दिवस बरे. पंखा बंद करावा, कोंबडी हाकलावी, आणि ‘आमच्या पिढीला काय संदेश द्याल’ हा प्रश्न मुळीच विचारू नये. त्याला सगळे जण सारखेच उत्तर देतात. पहिली बिदागी किती मिळाली, ते विचारा. रात्री घरच्या लेकरांना कोण सांभाळत असे, हे गाणाऱ्या बाईला विचारा. ढोलकीवाल्याला पान कोणी मढवून दिले, ते विचारा. तो झाडीबोलीत बोलला तर त्याची भाषा सुधारू नका. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी या बोलीचा अभ्यास करण्यात वर्षे घालवली आहेत, आणि आपली पोरे ती ऐकून हसतात!

मुद्रणाच्या सुरुवातीलाच कलावंताचे नाव, गाव, कला आणि तारीख मोठ्याने सांगावी. एक प्रत त्याच्या लेकीसुनेच्या मोबाईलमध्ये, एक विहाराच्या ग्रंथालयात. आणि मंडळाच्या शिक्क्यानिशी एक पत्र त्याच्या हाती द्यावे: अमुक तारखेला यांची मुलाखत घेतली, इतकी वर्षे ते ही कला सादर करीत आहेत. शिक्का ठळक उमटवावा, झेरॉक्समध्ये दिसला पाहिजे.