पऱ्हाट्यांचें सरपण व आपलें कर्तव्य

माघ-फाल्गुनांत वर्धा जिल्ह्याच्या शिवारांतून जागोजाग धूर दिसूं लागतो. शेत लवकर मोकळें व्हावें म्हणून आपण पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर पेटवून देतों. त्याच वेळीं आपला कापूस वेचणाऱ्या बाया सरपणासाठीं रान धुंडीत असतात. ही विसंगति वाचकांच्या नजरेस आणावी, एवढाच आमचा हेतु आहे.

मजुराच्या घरीं एकाच चुलीवर स्वयंपाक होतो, आंघोळीचें पाणी तापतें आणि पौषाच्या थंडींत मुलाबाळांस ऊबही तिचीच. सन २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅस पोंचला, हें खरें. परंतु सिलिंडर भरून आणण्यास रोख पैसा लागतो, मोळीस केवळ श्रम लागतात. सेलू तालुक्यांतील बोरचें जंगल २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तिकडे मोळीस जाणें म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणें होय.

इकडे हेक्टरीं सुमारें २ ते ३ टन पऱ्हाट्या आपण राख करतों! कोणी म्हणेल, ठेवल्या तर गुलाबी बोंडअळी वाढेल. शंका रास्त आहे. २०१७ सालची नासाडी विदर्भ विसरलेला नाहीं. परंतु ही अळी लांकडांत नव्हे, तर पऱ्हाटीस लटकलेल्या किडक्या बोंडांत व सरकींत सुप्त राहते. म्हणून तीं बोंडें आधीं तोडून जाळावींत. भारे शेतांत वा धुऱ्यावर रचूं नयेत. मृगापूर्वीं जाळून संपवावेत. पुढील हिंवाळ्याच्या बेगमीस तुराट्या द्याव्यात. ज्यांस पऱ्हाटी बारीक करून खत करणें शक्य आहे, त्यांनीं तें अवश्य करावें.

राहिला धूर. त्यानें स्त्रियांचे डोळे व फुप्फुसें बिघडतात. यावरील उपाय आपल्या वर्ध्यासच निघाला आहे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडींत धुरांड्याची 'मगन चूल' सिद्ध झाली. अशी मातीची चूल घालण्यास मजुरास आपण साह्य करावें.

मात्र पऱ्हाट्या दिल्या म्हणून उपटण्याची मजुरी कापूं नये. मजुरी हा श्रमाचा मोबदला, सरपण हा शेजारधर्म. आगकाडी ओढण्यापूर्वीं गांवांत एकदां विचारावें, इतकीच आमची विनंति.