बालेवाडीचं स्टेडियम कुणाचं?

काल चाकणहून कंपनीच्या बसने परतताना शेजारच्याने विचारलं, "एफसी पुणे सिटी गेली, मग बालेवाडीचं स्टेडियम कुणाचं?"

राज्य सरकारचं! १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं. २०१४ ला आलेला आणि २०१९ ला बंद पडलेला हा फुटबॉल क्लब तिथे भाडेकरू होता.

गॅलरी आणि मैदानाच्या मधे धावपट्टी आहे, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून दूर बसतात. ती हलवायची, तर खर्च कोण करणार? चार-पाच वर्षांचा भाडेकरू घर दुरुस्त करत नाही.

मँचेस्टरचं स्टेडियमही पालिकेचंच, २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेलं. तिथली धावपट्टी काढली आणि मँचेस्टर सिटी क्लबला तब्बल २५० वर्षांचा करार मिळाला. पुढे २०१५ मध्ये क्लबने दक्षिण गॅलरीवर तिसरा मजला चढवला.

माझ्या मते आपल्याकडेही आधी लांब मुदतीचा करार हवा.